बंद पेडलचा इतिहास

नागपूरच्या सदर भागाचे नावच त्याचा इतिहास सांगते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा अंमल येथे स्थिरावला, रेसिडेन्सीच्या आसऱ्याने बाजार वाढला आणि पुढे मिशनऱ्यांच्या शाळा, चर्चे व अँग्लो-इंडियन कुटुंबे यांनी या वस्तीला तिचा चेहरा दिला. पेटी-तबल्याच्या या शहरात गिटार जिथे परकी वाटली नाही, अशा थोड्या ठिकाणांपैकी सदर एक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) कॅथलिक उपासनेत लोकभाषेला जागा दिली आणि त्यानंतर जगभरच्या अनेक चर्चमध्ये ऑर्गनच्या शेजारी गिटारही आली. या परिसरातून आमच्या वर्गात मराठी शिकायला येणारी काही मुले आज इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. वाह पेडल कोणते घ्यावे आणि ते बंद असताना गिटारचा आवाज मंद का होतो, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. प्रश्न तांत्रिक खरा. परंतु त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही ऐकावा असा आहे.

वाद्याला माणसासारखे बोलायला लावण्याची हौस जुनी आहे. १९२० च्या दशकातील जॅझमध्ये ट्रम्पेटवादक वाद्याच्या तोंडाशी झाकण हलवून रडल्या-हसल्याचा भास निर्माण करीत. क्लाइड मॅकॉय हा त्यांतला गाजलेला वादक. त्याचे 'शुगर ब्लूज' १९३१ चे. पुढे १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण अभियंता व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरमधील एका महागड्या स्विचला स्वस्त पर्याय शोधत होता. त्या जागी त्याने फिरते बटण बसवले, तर आवाज 'वाह' असा उमटू लागला. तो मंडल ऑर्गनच्या पायपट्टीत बसवला गेला आणि वाह पेडल जन्मले. १९६७ मध्ये ते बाजारात आले ते मॅकॉयचे नाव घेऊन. कंपनीच्या प्रमुखाला ते फुंकवाद्यांसाठीच विकायचे होते. पण एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स यांनी ते गिटारचेच करून टाकले.

ध्वनिविचाराच्या तासाला आपण शिकवतो की स्वरतंतूंचे कंपन तेच असले तरी मुखपोकळीचा आकार बदलला की 'ऊ'चा 'आ' होतो. वाह पेडल नेमके हेच करते. पाय खाली दाबला की विशिष्ट कंप्रतेभोवतीचा ध्वनीचा उंचवटा साधारण ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झच्या आसपास सरकतो. तारांचे स्वर बदलत नाहीत. त्यांचा उच्चार बदलतो.

काटकसरीतून जन्मलेल्या या यंत्राचा दोषही काटकसरीचाच होता. पेडल बंद करणारा स्विच फक्त बाहेर जाणारा मार्ग बदलत असे. आत येणारी तार मंडलाला जोडलेलीच राही. गिटारचा पिकअप अशक्त असतो. सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर त्याच्यापुढे सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. जुन्या वाह पेडलचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हा भार पिकअपला पेलत नाही आणि सर्वांत आधी जातात ते वरचे, तेजस्वी स्वरांश. म्हणजे वादक पेडलला स्पर्शही करीत नसतो, तेव्हाही पेडल त्याचा आवाज खात असते.

आपल्याकडे ही तक्रार करण्याची चैनही उशिरा आली. सत्तरच्या दशकात मुंबईतल्या ध्वनिमुद्रणांत ही जात ऐकू येऊ लागली. 'डॉन' (१९७८) चे शीर्षकसंगीत आठवावे. परंतु आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात परदेशी पेडल सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. मिळाले तेच उत्तम, अशी स्थिती असताना निवडीचा प्रश्न कुठून उद्भवणार? १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि निवड करणे ही आपल्या वादकाचीही जबाबदारी झाली.

ती कशी करावी? पहिला मार्ग 'ट्रू बायपास'चा. यात दुहेरी स्विच येणारी आणि जाणारी अशा दोन्ही तारा मंडलापासून तोडतो. पेडल बंद म्हणजे खरोखर बंद. मात्र हाही रामबाण नव्हे. सहा मीटरची केबल पेडलपर्यंत आणि तेवढीच पुढे, असे झाले की लांब तारेची धारकताच वरचे स्वर गिळू लागते. तेथे दुसरा मार्ग, 'बफर', उपयोगी पडतो. तो पिकअपवर भार न टाकता ध्वनिसंकेत पुढे नेण्याचे बळ देतो. पण काही जुन्या धाटणीच्या फझ पेडलांना त्यांच्या आधी बफर आलेला मानवत नाही. एकच पेडल आणि आखूड तारा असतील तर ट्रू बायपास. पेडले अनेक आणि तारा लांब असतील तर साखळीत कुठेतरी एक चांगला बफर, एवढे सूत्र पुरेसे आहे. जुने पेडल आवडीचे असेल तर ते टाकून देण्याची गरज नाही. जाणकार कारागीर त्यात दुहेरी स्विच बसवून देतो.

हे सारे वाचताना आम्हांला आमचाच व्यवसाय आठवतो. वैदर्भी बोलीत वाढलेला विद्यार्थी निबंध लिहायला बसतो. 'तुझी भाषा बदल' असे त्याला कोणी म्हणालेले नसते. तरी त्याच्या बोलण्यातले तेज कागदावर उतरत नाही. पाठ्यपुस्तक, गुणदानाच्या सवयी, प्रमाण मराठीचा दबदबा हे सगळे 'बंद' असूनही जोडलेले असते. प्रमाणभाषा नको, असे आमचे म्हणणे नाही. वाह पेडल नको असे कोणता गिटारवादक म्हणेल? पाय ठेवल्यावर तिने जरूर बोलावे. पाय काढल्यावर तिने वाट मोकळी सोडावी, इतकेच.

वादकाजवळ याची साधी परीक्षा असते. गिटार आधी सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडून एक झंकार ऐकावा, मग तोच झंकार बंद पेडलमधून. दोन्हींत फरक असेल तर पेडल काहीतरी घेते आहे. विद्यार्थ्याचा निबंध हाती घेण्यापूर्वी त्याला पाच मिनिटे नुसते बोलू द्यावे, ही आमची परीक्षा. फरक ऐकू आला, तर दोष तारेत शोधू नये.