मैत्रीची सीमा

ध्यान म्हणजे डोळे मिटून जगाकडे पाठ फिरविणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु ध्यानाच्या इतिहासातील एक मोठी परंपरा याच्या अगदी उलट सांगते. दुसऱ्याविषयीचा जिव्हाळा वाढावा, हाच तिचा हेतू आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष भारतातून सिंहलद्वीपी गेले आणि अनुराधपूरच्या महाविहारात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. त्यात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ‘ब्रह्मविहारां’चे विवेचन आहे. ही चौकडी त्यांच्याही आधीची. पातंजल योगसूत्रांतही ती आढळते. बुद्धघोषांचा विशेष हा, की दया उपजतच असावी लागते असे न मानता ती अंगी बाणविण्याची रीत ते पायरीपायरीने सांगतात.

आरंभ स्वतःपासून. मला जसे सुख हवे तसेच इतरांनाही हवे, हे मनाला पटावे म्हणून. पुढे पूज्य व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याशी ना स्नेह ना वैर असा माणूस, आणि सर्वांत शेवटी वैरी. येथे मन अडते, हे आचार्य जाणून आहेत. राग शमविण्याचे अनेक उपाय ते देतात. त्यांतला शेवटचा अगदी व्यवहारातला आहे: वैऱ्याला आपली वस्तू द्यावी, त्याची आपण घ्यावी.

मग परीक्षा येते. साधक, त्याचा मित्र, एक तिऱ्हाईत आणि वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळी देण्यासाठी एकाला मागतात. ‘वैऱ्याला न्या’ असे मनात आले, तर साधना अपुरी, हे उघडच आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे वाटले तरीही ती अपुरीच! चौघांपैकी एकालाही देण्याजोगा न मानणे, याला बुद्धघोष सीमा मोडणे म्हणतात.

करुणेविषयीही त्यांचा असाच इशारा आहे. क्रौर्य हा तिचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा. दुःखिताशेजारी नुसते रडत बसणे म्हणजे करुणा नव्हे.

हा ग्रंथ आपल्या लिपीत आणणारा पुरुष मराठी होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गोव्यात साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलात जाऊन पाली शिकले. त्यांनी संपादिलेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.

श्रोते हो, आपली दया बहुधा आप्तेष्टांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन थांबते. तो उंबरठा ओलांडण्याचा सराव करता येतो, एवढेच हे जुने आचार्य सांगत आहेत. आज घरी गेल्यावर, ज्याच्याशी आपले बोलणे नाही असा एक माणूस मनासमोर आणून पाहावा.