चुन्यातला कागद, तुरटीतला कागद

एखाद्या तत्त्वाला कुणी 'हरताळ फासला' असं आपण सहज बोलून जातो. हा हरताळ म्हणजे एक पिवळंधमक खनिज. त्यात गंधक असतो आणि सोमल असतो. पूर्वी पोथी उतरवताना अक्षर चुकलं, की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर त्याच जागी पुन्हा लिहायचा. पुसलं गेलं ते चुकीचं अक्षर, पण सोमलाच्या भीतीनं कसरही त्या पानाकडे फिरकायची नाही. म्हणजे ज्या शब्दाला आपण नासधुशीचा अर्थ चिकटवला, तो मुळात कागद जपणाऱ्यांच्या कारखान्यातला आहे.

कागद जपणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. बोरू कसे निवडावेत इथपासून पुस्तकासाठी बासनं, मेणकापड, पेट्या, कुलपं इथपर्यंत सगळं त्यात येतं. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी वाचता येणार नाही, असाही सल्ला आहे. पन्नाशी ओलांडल्यापासून मला तो फार पटतो!

पण आज मला बोलायचं आहे ते खुद्द कागदाबद्दल. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद वाचणारे लोक 'जुन्नरी' आणि 'दौलताबादी' ही नावं ओळखतात. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हापासून कागद करणारे इथे आले, असं तिथे सांगतात. जुन्नरलाही कागदी होते. पेशवाईत त्यातले काही पुण्यात आले आणि कसबा पेठेतल्या एका वस्तीला कागदीपुरा हे नाव पडलं. हे कारागीर मुसलमान. पेशव्यांचा हिशेब, देवस्थानाची सनद, कीर्तनकाराचं बाड, सगळं त्यांनी केलेल्या कागदावर लिहिलं गेलं. याचा मला अभिमान वाटतो हे खरं, पण मला जास्त कुतूहल आहे ते त्यांच्या कृतीचं.

चिंध्या, तागाची जुनी पोती, झिजलेले दोर हा कच्चा माल. तो बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, कुटायचा, नदीवर धुवायचा. पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. शेवटी तो लगदा हौदात घालून गवती काड्यांच्या चटईवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्यावर खळ चढवायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. बोरू मग त्यावर पाण्यासारखा सरकतो. या खटाटोपात चुन्याचा थोडा अंश कागदातच राहून जायचा. पुढे हवेतून किंवा कशातूनही आम्ल आलं, की हा चुना ते मारून टाकतो. त्यात शाई काजळाची. ती कागद खात नाही. पुण्यातल्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद आज उलगडले, तरी पुष्कळसे नीट हाताळता येतात. वाळवी, कसर आणि पाणी हे त्यांचे शत्रू. खळीवर तर कसरीचा फारच जीव. पण हे सारे शत्रू बाहेरचे आहेत.

एकोणिसाव्या शतकात कागद बदलला. १८०७ साली जर्मनीत इलिग यानं शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी घालण्याची युक्ती प्रसिद्ध केली. १८४० नंतर चिंध्यांच्या जागी लाकूड भरडून लगदा करण्याची रीत निघाली. कागद स्वस्त झाला, भरपूर झाला. मात्र तुरटीतून आम्ल तयार होतं. लाकडातला चिकट भाग उजेडात पिवळा पडतो आणि त्यात भर घालतो. दमट हवेत हे आम्ल कागदाचे तंतू आतल्या आत तोडत राहतं. अमेरिकेतल्या विल्यम बॅरो यांनी १९०० ते १९४९ या काळातल्या ५०० पुस्तकांचे कागद तपासले. यातली बहुतेक पुढच्या शतकात वापरण्याजोगी राहणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी १९५९ मध्ये मांडला. ते पुढचं शतक म्हणजे आपलं.

आता गंमत पाहा. गंमत कसली, दैवदुर्विलास म्हणा. तीनशे वर्षांपूर्वी कागदावर कोण होतं? राजा, कारभारी, सावकार, देवस्थान. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहिताच आलं नव्हतं, ते लिहू-छापू लागले नेमके या वाईट कागदाच्या काळात. कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला १८७७ मध्ये. त्याचे सगळे अंक आज सापडत नाहीत. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं गेलं १८८२ मध्ये. नंतर त्याचा जवळजवळ विसरच पडला होता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं, कारण कुठेतरी प्रत उरली होती. ती भुगा झाली असती तर? बाबासाहेबांचं 'मूकनायक' १९२० चं. शासनानं पुढे ते ग्रंथरूपानं पुन्हा छापलं म्हणून आज कुणालाही वाचता येतं. पण ज्यांच्या मागे शासन नाही, चळवळ नाही, त्या शेकडो छोट्या नियतकालिकांचं काय? सोलापूरला १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्या आसपास आम्ही मंडळी ज्या अनियतकालिकांत लिहीत होतो, ती सारी सर्वांत स्वस्त कागदावर. माझ्याकडचे अंक आताच चहाच्या रंगाचे झाले आहेत. माझ्या कवितांचं राहू द्या, त्यांच्यावाचून मराठीचं फारसं अडणार नाही. पण त्याच पानांवर शिंपी, विणकर, शाळामास्तर यांनी आपल्या घरातलं मराठी लिहिलं आहे आणि ते दुसरीकडे कुठेही नाही.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पुस्तकं, हस्तलिखितं जमिनीवर आली. सारा महाराष्ट्र हळहळला, पानं गोळा करायला माणसं धावली. आम्लाचा हल्ला मात्र आवाज करत नाही. एका तालुक्याच्या गावी वाचनालयात मी शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव खंड मागितले, तर ते किलोवर गेल्याचं कळलं. "पान उलटलं की तुकडा हातात येत होता, कोण वाचणार?" असं तिथले गृहस्थ म्हणाले. त्यांना दोष तरी किती द्यायचा! तुटपुंजं अनुदान, गळकं छप्पर, आणि हा आजार काय आहे हे कुणी सांगितलेलं नाही.

आजाराला उतारा आहे. प्रयोगशाळेत आम्लग्रस्त पान, शाई पाण्यात विरघळत नाही याची खात्री करून, चुन्याच्या निवळीत बुडवतात. होय, चुनाच! कागदी जे सुरुवातीलाच घालत होते, ते आपण दीडशे वर्षांनी मागून घालतो आहोत. मग अगदी पातळ जपानी कागदानं पान सावरतात. पण आम्ल थांबतं, गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून पान उलटतं आहे तोवर त्याचं छायाचित्र किंवा स्कॅन करून घेणं हे पहिलं काम, आणि ते झाल्यावर मूळ प्रत रद्दीत न घालणं हे दुसरं. कागदावरची मालकाची सही, वर्गणीदाराचा शिक्का, समासातला शेरा यांचं मोल कधी कुणाला कळेल, सांगता येत नाही. प्रत दुर्मिळ आहे का, अशी शंका आली तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मोठ्या ग्रंथालयात मिळते. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं तिच्या पहिल्या भागात नोंदली आहेत. विकण्याआधी तेवढं पाहावं.

घरी आजोबांचे कागद असतील, तर फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. ओळखपत्राला करतात तसं गरम प्लॅस्टिकचं आवरण तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं चांगल्या कागदांत मिसळू नका, त्यांचं आम्ल शेजारच्या पानाला लागतं. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, वारा खेळेल अशा कपाटात ठेवा. कापड नवं असेल, तर आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा. खळ राहिली, तर कसरीला घरबसल्या जेवण.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)