नऊचे आठ झाले, आता आठाचे सात?

सांगली जिल्ह्यात विधानसभेचे आमदार किती, असं विचारलं तर आजची पोरं 'आठ' म्हणतील. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो बोटावर नऊ मतदारसंघ मोजून दाखवेल. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, खानापूर-आटपाडी, भिलवडी-वांगी, वाळवा आणि शिराळा. २००४ ची निवडणूक या नऊ ठिकाणी झाली. २००९ ला मतदान झालं ते आठ ठिकाणी. कुणी राजीनामा दिला नव्हता, कुणी पडलं नव्हतं. नकाशाच बदलला होता.

हे का झालं ते समजून घ्यायला फक्त भागाकार यायला हवा.

महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९७८ पासून २८८ आहेत. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. म्हणजे एका आमदारामागे साधारण पावणेदोन लाख माणसं. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १५ लाख ४० हजार. भागाकार केला की ८.८ येतात, म्हणून नऊ आमदार. २००१ ला राज्य ९ कोटी ६९ लाखांवर गेलं, सांगली २५ लाख ८३ हजारांवर. भागाकार ७.७, म्हणून आठ.

आपण कमी झालो नाही, वाढलोच. पण ठाणे-पुणे आपल्यापेक्षा जोरात वाढले. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या १३ जागा होत्या, त्या २४ झाल्या. पुण्याच्या १८ च्या २१. त्या जागा आकाशातून पडल्या नाहीत. कोल्हापूरच्या १२ च्या १० झाल्या, साताऱ्याच्या १० च्या ८, रत्नागिरीच्या ७ च्या ५. आपली पोरं पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली आणि त्यांच्या मागोमाग आपले आमदारही तिकडे गेले, असा याचा सरळ अर्थ.

हे काम केलं न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने. २००८ च्या फेब्रुवारीत त्यावर राष्ट्रपतींची अधिसूचना निघाली आणि आपल्याकडे उलथापालथ झाली.

जत आधी अनुसूचित जातीसाठी राखीव होता, तो खुला झाला. मिरज खुला होता, तो राखीव झाला. २००४ ला जतमधून भाजपचे सुरेश खाडे निवडून आले होते. २००९ ला ते मिरजेत आले आणि २०२४ पर्यंत सलग चार वेळा तिथून जिंकले. मिरजेतून निवडून आलेले काँग्रेसचे हाफिजभाई धत्तुरे यांना मात्र आपल्याच गावात उभं राहायची सोय उरली नाही. भिलवडी-वांगीच्या जागी पलूस-कडेगाव आला. वाळव्याचं नाव इस्लामपूर झालं आणि वाळवा तालुक्यातली ४८ गावं शिराळ्याला जोडली गेली. तहसीलदार इस्लामपूरचा, आमदार शिराळ्याचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूर मंडळाचं तेच. कामं तासगावच्या कचेरीत, मत खानापूर मतदारसंघात. मग रस्ता मागायचा तर विट्याला जायचं की तासगावला, हा प्रश्न तिथल्या माणसाला अजून पडतो.

पण सगळ्यात मोठा फरक पडला कवठेमहांकाळला.

हा तालुका दुष्काळी. पण त्याच्या नावाचा मतदारसंघ होता. १९९५ पासून २००९ पर्यंत अजितराव घोरपडे सरकार तिथले आमदार. शेजारच्या तासगावात १९९० पासून आर. आर. आबा. दोन तालुके, दोन आमदार, विधानसभेत दोन आवाज. २००९ ला दोन्ही एकत्र करून तासगाव-कवठेमहांकाळ हा एकच मतदारसंघ झाला, क्रमांक २८७.

त्यानंतरचा हिशोब बघा. २००९ ला आबा. २०१४ ला पुन्हा आबा, समोर भाजपकडून घोरपडे सरकार. फेब्रुवारी २०१५ मध्ये आबा गेले. पोटनिवडणुकीत मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही आणि सुमनताई लाखाच्या वर मताधिक्याने आल्या. २०१९ ला पुन्हा सुमनताई, समोर शिवसेनेकडून घोरपडे. २०२४ ला रोहित पाटील, समोर माजी खासदार संजयकाका पाटील. म्हणजे शेवटच्या लढतीतले दोघंही तासगाव तालुक्यातले, एक अंजनीचे, एक चिंचणीचे.

मतदारसंघाच्या नावात कवठेमहांकाळ आहे, पण २००९ पासून त्या तालुक्यातला एकही माणूस इथून आमदार झालेला नाही.

यात कुणावर आरोप नाही. आबांच्या घराला कवठेमहांकाळनेही भरभरून मतं दिली, आणि लोक मत देतात ते काहीतरी बघूनच देतात. मुद्दा माणसाचा नाही, रचनेचा आहे. म्हैसाळ आणि टेंभूचं आवर्तन कधी सुटणार, यासाठी ज्या बैठकीत भांडावं लागतं तिथे आधी या दोन तालुक्यांच्या दोन खुर्च्या होत्या, आता एक आहे. आमदार कितीही चांगला असला तरी तो एका वेळी एकाच तालुक्यात असतो.

आणि आता खरा विषय.

८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ती जनगणना २०२७ ची. तिचे आकडे यायचे आहेत, पण अंदाज घ्यायला २०११ चे पुरेत. राज्य ११ कोटी २४ लाख, सांगली २८ लाख २२ हजार. जागा २८८ च धरल्या तर भागाकार येतो ७.२. म्हणजे सात.

एकूण जागा वाढवल्या तर आपला आकडा आठ राहील, कदाचित वाढेलही. पण सभागृहातला आपला वाटा घसरणारच. शिवाय महिलांसाठी एक तृतीयांश जागांचं आरक्षणही याच फेररचनेनंतर लागू होणार आहे. त्यामुळे आज जे 'माझा मतदारसंघ' म्हणून बॅनर लावत फिरतायत, त्यांच्यातल्या किती जणांचा मतदारसंघ शिल्लक राहील हे त्यांनाही माहीत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. गेल्या वेळी प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. आणि एकदा अंतिम आदेश निघाला की कोर्टात दाद मागणं जवळपास अशक्य, घटनेच्या कलम ३२९ मुळे. म्हणजे बोलायची वेळ मसुदा ते सुनावणी एवढीच. ती गेली की पुढची कितीतरी वर्षं गप्प बसायचं. १९७६ ची रचना तीस वर्षं चालली, २००८ ची अजून चालू आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी आत्ताच ठराव करून ठेवावेत. आमचं महसूल मंडळ तोडू नका, ज्या तालुक्यात आमची कचेरी आणि बाजार आहे त्याच मतदारसंघात आम्हाला ठेवा, असं लेखी द्यावं. पुढाऱ्यांच्या भरवशावर राहू नका. त्यांना त्यांच्या सोयीची गावं हवी असतात आणि ते त्यासाठीच पळतील.

विसापूर मंडळातली आणि वाळव्याच्या ४८ गावांतली मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी खाली जरूर लिहावं. २००९ नंतर तुमच्या गावाचा फायदा झाला की तोटा? गावाचं नाव टाकून लिहा. सुनावणीच्या दिवशी हेच उपयोगी पडेल.