शांततेचे व्यापारी

"एफओबी न्हावाशेवा, इन्कोटर्म्स २०२०" असे शब्द निर्यातीच्या करारात सर्रास दिसतात. माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची, एवढा सगळा अर्थ त्या तीन अक्षरांत मावतो. गंमत म्हणजे हे नियम ना कुठल्या संसदेने केले, ना संयुक्त राष्ट्रांनी. ते केले व्यापाऱ्यांच्याच एका संघटनेने. नाव इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स, मुक्काम पॅरिस.

गोष्ट ऑक्टोबर १९१९ मधली. पहिले महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. अमेरिकेत अटलांटिक सिटी नावाच्या समुद्रकाठच्या गावी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि बेल्जियमचे व्यापारी, कारखानदार, बँकवाले जमले. पुढच्या वर्षी पॅरिसला संस्था रीतसर उभी राहिली. पहिले अध्यक्ष एतिएन क्लेमांतेल, फ्रान्सचे युद्धकाळातले व्यापारमंत्री. अटलांटिक सिटीची परिषद झाल्यावर महिन्याभरात अमेरिकन सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला, आणि अमेरिका राष्ट्रसंघात कधी गेलीच नाही. म्हणजे सरकार बाहेर आणि व्यापारी आत! ही मंडळी स्वतःला 'शांततेचे व्यापारी' म्हणवून घेत.

कामाची पद्धत साधी. प्रत्येक देशात एक राष्ट्रीय समिती, तिच्यात कंपन्या आणि स्थानिक चेंबर्स. समितीची माणसे पॅरिसला जातात, तिथे मसुदे घोटले जातात, आणि मग एकमुखाने सरकारांपुढे मांडले जातात. भारताची समिती १९२९ साली झाली, फिक्कीच्या आधाराने. दिल्लीत राज्य इंग्रजांचे असताना आपल्या व्यापाऱ्यांना परदेशात स्वतःच्या नावाने खुर्ची मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते.

सुरुवातीच्या वर्षांतले काम खरोखर नाव घेण्यासारखे आहे. १९२३ ला लवाद न्यायालय, १९३३ ला लेटर ऑफ क्रेडिटचे नियम, १९३६ ला इन्कोटर्म्स. लेटर ऑफ क्रेडिटचेच बघा. मुंबईची बँक न्यूयॉर्कच्या बँकेला ओळखते, पण दोघींनीही माल पाहिलेला नसतो. बँकेने फक्त कागद तपासायचे, मालात डोकावायचे नाही, हे तत्त्व सगळ्यांनी मान्य केले म्हणून तर अनोळखी माणसाला उधारीवर माल पाठवायची हिंमत होते. त्या नियमांची '६००' ही आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे.

पण शांततेचे काय? १९३७ ची परिषद भरली चक्क बर्लिनमध्ये. नवे अध्यक्ष होते आयबीएमचे थॉमस वॉटसन. जागतिक व्यापारातून जागतिक शांतता ही त्यांची आवडती घोषणा. त्याच वेळी त्यांनी हिटलरच्या सरकारचे पदक स्वीकारले. १९४० साली, युरोप पेटल्यावर, ते परत केले. मला यात केवळ भाबडेपणा दिसत नाही. गिऱ्हाईक तोडायचे नाही हा व्यापाऱ्याचा स्वभाव, तो राजकारणात उतरला की असा महागात पडतो.

दुसरा प्रसंग हवानाचा. १९४८ साली तिथे ५३ देशांनी जागतिक व्यापार संघटनेच्या सनदेवर सह्या केल्या. तीत गरीब देशांना आपले उद्योग सांभाळायला बऱ्यापैकी मोकळीक होती. याच चेंबरच्या अमेरिकन शाखेने तिला कडाडून विरोध केला, कारण तिच्यात सरकारी नियंत्रणाला फारच वाव आहे असे त्यांचे म्हणणे. विरोधक आणखीही होते, पण हा आवाज वजनदार होता. डिसेंबर १९५० मध्ये ट्रूमन सरकारने सनदेचा नाद सोडला, आणि तशी संघटना यायला १९९५ उजाडले. कंपन्यांच्या वतीने बोलणे आणि व्यापाराच्या वतीने बोलणे यात फरक आहे तो असा.

असो. १९५३ ला याच चेंबरने परदेशी लवादाचे निवाडे सगळीकडे अमलात यावेत म्हणून एक मसुदा दिला. त्यावरून १९५८ चा न्यूयॉर्क करार झाला, आणि १९६० मध्ये भारतानेही तो स्वीकारला. आज आपल्या कंपन्यांच्या परदेशातल्या भांडणांना त्याचाच आधार असतो.

डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चेंबरला निरीक्षकाचा दर्जा दिला. सभागृहात बसता येते, बोलता येते. मत तेवढे देता येत नाही.