साच्यातील इतिहास : दरेकसा ते पवनी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा हे डोंगराळ भागातील स्थानक आहे. जवळच कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाज आपल्या पूर्वजांच्या व देवतांच्या स्मरणार्थ तेथे मोठ्या संख्येने एकत्र येतो. गुहा पाहताच तीत लेणे शोधण्याचा मोह बौद्ध अभ्यासकास होतो. या मोहास आवर कसा घालावा, याचा धडा शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींच्या इतिहासातून मिळतो.

१८६८ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाचित्रे व साचे तयार केले. १८६९-७० मध्ये लेफ्टनंट हेन्री कोल याने सांचीच्या पूर्व तोरणाचे साचे घेतले व त्यांवरील प्रतिकृती युरोपात गेल्या. लंडनमधील प्रतिकृती पुढे नष्ट झाली. परंतु बर्लिनमधील प्रतिकृतीच्या आधारे घडविलेले दगडी तोरण २०२२ मध्ये तेथील हुम्बोल्ट फोरमसमोर उभे राहिले.

अजिंठ्याची चित्रे उतरवून घेताना, १८७२ ते १८८५ या काळात, याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात व दृष्टी मध्ये आली. साच्यात तसे होत नाही. दगडावर जे आहे तेच प्लास्टरवर उमटते. झीज आणि तडेही उमटतात. म्हणूनच प्रतिकृतींचे दालन मांडणाऱ्या विद्यार्थ्यांनी मूळ शिल्प कोठले, साचा कोणी व केव्हा घेतला, हे प्रथम नोंदवावे; साच्याच्या जोडरेषा घासून पुसू नयेत.

दरेकसा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप उघडकीस आला. तेथील मुचलिंद नागाच्या शिल्पावर त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. म्हणजे शिल्पाची ओळखपट्टी प्राचीन शिल्पकारानेच लिहून ठेवली!

पवनी बौद्ध आहे, कारण तेथे स्तूप, शिल्प व लेख यांची साक्ष आहे. तशी साक्ष नसताना कचारगडास बौद्ध ठरविणे म्हणजे साच्यात नसलेली रेघ प्रतिकृतीवर कोरणे होय. आपला वारसा हिरावला गेल्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी गोंडांच्या श्रद्धास्थानावर निराधार हक्क सांगू नये. सत्यनिष्ठ अभ्यासाची खरी कसोटी येथेच लागते.