बटनाची परीक्षा

हिंगणघाटला माझं मोटर-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. समुद्रपूर, देवळी, सेलूकडचे शेतकरी जळालेला स्टार्टर पोत्यात घालून आणतात आणि काउंटरवर ठेवत म्हणतात, "काका, आजच करून द्या, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे." झाकण उघडलं की बहुतेक वेळा एकच जागा काळीठिक्कर पडलेली असते. दोन कॉन्टॅक्ट जिथे एकमेकांपासून सुटतात, ती. बटन दाबलं की मोटर फिरते, म्हणून आपण बटनाकडे चालू करण्याची वस्तू म्हणून पाहतो. पण त्याची खरी परीक्षा बंद करताना होते. आमच्या जिल्ह्यात बटनं कशी बदलत गेली, हे पाहिलं की ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

विजेच्या आधीपासून सुरुवात करतो. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर सुरू झाल्या. वाफेचं इंजिन एक लांबलचक शाफ्ट फिरवायचं आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा पट्टा यायचा. एक यंत्र थांबवायचं म्हणून कोणी इंजिन बंद करत नसे. दांडा ओढून पट्टा घट्ट पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. पुली फिरत राहायची, यंत्र थांबायचं. माझे वडील गिरणीत फिटर होते. ते सांगायचे की फिरता पट्टा सरकवताना नजर हटली तर हात गेलाच समजा. वेगात असलेली शक्ती तोडणं तेव्हाही धोक्याचंच काम होतं.

रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली, वर्ध्यावरूनच. रुळांसोबत तारायंत्र आलं आणि स्टेशनातल्या तारबाबूच्या टेबलावर मोर्सची पितळी कळ आली. ही कळ म्हणजे साधं बटनच, दाबलं की जोडलं, स्प्रिंगने उचललं की तुटलं. करंट अगदी थोडा असायचा. पण दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकाचं वेटोळं असायचं, आणि वेटोळ्याचा करंट तोडला की ते साठवलेली ऊर्जा उसळून परत देतं. म्हणून कळीच्या टोकांवर बारीक ठिणगी पडायची आणि ती टोकं पुसून ठेवावी लागायची. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण वेटोळ्याचा तो स्वभाव रिलेत, कॉन्टॅक्टरमध्ये, प्रत्येक मोटरीत तसाच आहे.

गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना त्यांच्याशी थेट बोलता यावं म्हणून आश्रमात टेलिफोन बसवला गेला. तो आजही तिथे पाहायला मिळतो. टेलिफोनमध्ये रिसीव्हर ठेवण्याची जागा हाच स्विच असतो. रिसीव्हर उचलला की लाइन जोडली जाते, ठेवला की त्याच्या वजनाने तुटते. वापरणाऱ्याला आपण बटन चालवलं हे कळतही नाही, इतकी ती रचना सरळ आहे.

दिव्यांच्या विजेचा पहिला जमाना डीसीचा होता. तेव्हाचा चाकू-स्विच म्हणजे तांब्याची पाती दोन पकडींमध्ये बसवायची, हाताने ओढून काढायची. हळू ओढली तर पाती आणि पकड यांच्यात ज्योत ताणली जायची आणि तांबं वितळायचं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली यावर तोड काढली. त्यांच्या स्विचमध्ये कॉन्टॅक्ट झटकन सुटत. सोडवण्याचा वेग माणसाच्या बोटावर न ठेवता यंत्रणेवर ठेवायचा, ही त्यातली मोलाची कल्पना. जुन्या वाड्यांमध्ये सागवानी पट्टीवर चिनी मातीचे गोल स्विच दिसतात. त्यांचा तो ठसठशीत 'टक' आवाज याच झटक्याचा.

पुढे एसी आली आणि बटनांचं ओझं हलकं झालं. आपल्याकडचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. ज्योत पेटली तरी पुढच्या शून्यावर विझायला तिला संधी मिळते. म्हणून बेकेलाइटची, नंतर प्लास्टिकची लहान, स्वस्त बटनं घराघरांत पोचू शकली. दिव्या-पंख्याला ५ अँपियरचं, शेगडी-गिझरला १५ अँपियरचं, हे गणित गावातला वायरमनही तोंडपाठ सांगायचा.

शेतावर मात्र हे गणित पुरलं नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्यानंतर विहिरींवरचं ऑइल इंजिन हळूहळू गेलं, मोटर आली, तिच्यासोबत हिरव्या-लाल बटनांचा स्टार्टर आला. ५ एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ७ अँपियर घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट ओढते. बोटाखालचं हिरवं बटन हा करंट स्वतः वाहत नाही. ते फक्त आतल्या कॉइलला वीज देतं आणि कॉइल मोठे कॉन्टॅक्ट ओढून घेते. वीज गेली की कॉइल सोडते आणि मोटर आपोआप सुरू होत नाही. ही सोय माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. पण थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री मिळते, आणि थंडीच्या अंधारात, सापाकिरड्यातून शेतात जाणं जिवावरचं असतं. म्हणून शेतकऱ्यांनी ऑटो स्विच बसवले. वीज आली की मोटर आपोआप सुरू. त्यात डीपीवरचा एक फ्यूज उडालेला असला तर मोटर दोन फेजवर गुरगुरत जळते. ऑटो स्विच लावायचा तर सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

आणखी एक गोष्ट दुकानात रोज दिसते. कॉन्टॅक्ट काळा पडला की लोक पॉलिश पेपरने घासतात. तांब्याला ते चालतं, कारण तांब्याचा काळा थर करंट अडवतो. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर मात्र चांदीच्या मिश्रणाची टिकली असते आणि ठिणगीने आलेला तिचा काळेपणा करंटला फारसा अडवत नाही. घासून आपण चांदीच उडवतो. टिकली पातळ झाली की दाब कमी होतो, कॉन्टॅक्ट तापतो, चिकटतो, आणि मग लाल बटन दाबूनही मोटर थांबत नाही.

रेडिओ दुरुस्तीत अडचण नेमकी उलटी असायची. बँड स्विचमधून जाणारा करंट इतका बारीक की मळाचा थरसुद्धा त्याला भेदता यायचा नाही. खरखर आली की ब्रशने तो साफ करायचा. आजच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये काही मिलिअँपियरच्या सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट वापरतात, ते याचसाठी. जास्त अँपियरचा दणकट स्विच तिथे लावला तर तोच दगा देतो. शिवाय बटन दाबलं की कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद थरथरतात. माणसाला ते एकदा दाबलेलं वाटतं, पण मोजणाऱ्या सर्किटला अनेकदा. म्हणून तिथे कपॅसिटरने किंवा प्रोग्रॅमने थोडं थांबावं लागतं.

आता शेतात सौर पंप आले आहेत आणि डीसी परत आली आहे. पॅनेल ओळीने जोडली की शेकडो व्होल्ट तयार होतात, आणि ऊन आहे तोवर ती वीज बंद करता येत नाही. डीसीत शून्य येतच नाही, त्यामुळे पेटलेली ज्योत पेटतीच राहते. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावलेला मी पाहिला आहे, वितळून एकजीव झालेला. साध्या रिलेवरही हे लिहिलेलं असतं, १० अँपियर २५० व्होल्ट एसी, आणि तेच १० अँपियर फक्त ३० व्होल्ट डीसी. या दोन आकड्यांमधलं अंतर समजलं तर आग टळेल.

आयटीआयची मुलं दुकानात शिकायला येतात, त्यांना मी स्विच निवडण्याचा हाच क्रम सांगतो. आधी विचारा, याला काय तोडायचं आहे? एसी की डीसी? मोटर-कॉइल आहे की साधा बल्ब? तोडण्याच्या क्षणी करंट किती, व्होल्टेज किती? करंट फारच कमी असेल तर कॉन्टॅक्ट कशाचे आहेत? सौर पंपाला डीसीचाच आयसोलेटर घ्या, आणि एमसीबीवर प्लस-मायनसची खूण असेल तर ती पाहूनच जोडा, कारण उलट जोडला तर तो ज्योत विझवू शकत नाही. रंग, कंपनी, किंमत हे सगळं त्यानंतर. होम्स यांनी १८८४ साली सोडवलेला प्रश्न आज आपल्या शेताच्या बांधावर पुन्हा उभा आहे, आणि त्याचं उत्तर ठाऊक असलेला वायरमन आता गावोगावी हवा आहे.