‘सीडेड’ आणि ‘असाइन्ड’ : निजामाचे दोन मुलूख

हैदराबादच्या इतिहासावर मराठीत लिहिताना १८०० आणि १८५३ या दोन्ही सालांसाठी आपण सरसकट ‘मुलूख इंग्रजांना दिला’ असे लिहून मोकळे होतो. मला ते खटकते. इंग्रजी कागदांत तिथे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्या फरकावर पुढे शंभर वर्षे भांडण चालले.

१८०० च्या तहात निजामाने बल्लारी, अनंतपूर, कडप्पा हा भाग ‘सीड’ केला. आपल्या जुन्या भाषेत, तोडून दिला. हक्क संपला, हिशेबही संपला. मद्रास इलाख्यात तो ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणूनच ओळखला जाई.

वऱ्हाडचे तसे नाही. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब ‘असाइन’ झाले, म्हणजे खर्चापोटी लावून दिले. कारभार इंग्रजांचा, पण मालकी निजामाची. दरसाल हिशेब द्यायचा आणि शिल्लक राहिली तर ती हैदराबादला पाठवायची! लायल यांच्या १८७० च्या गॅझेटियरचे नावसुद्धा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असेच आहे.

१८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. तोडून दिलेला मुलूख असा परत येतो का? त्याच तहात इंग्रजांनी हिशेब देण्याची अट मात्र हळूच काढून घेतली. माझ्या मते खरी मेख तिथेच बसली, कारण हिशेब गेल्यावर मालकी कागदापुरती उरली. सालारजंगांनी वऱ्हाड मागण्यासाठी जंग जंग पछाडले, १८७६ मध्ये विलायतही गाठली. हाती काही आले नाही.

१९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अली खानांकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वार्षिक २५ लाख रुपयांवर. आता शब्द आला ‘लीज’. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. तरी पट्टा म्हटला की मालक कोणीतरी असतोच, म्हणून उस्मान अली खानांनी १९२३ मध्ये पुन्हा मागणी केली. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी ती साफ फेटाळली.

आणि एवढे होऊनही, १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजांना किताब मिळाला तो ‘प्रिन्स ऑफ बेरार’. प्रिन्स ऑफ बल्लारी कोणी झाला नाही.